भावजींचे अकरा दिवस

बंदरावरच्या कचेरीत तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर 'मॅडम' आणि पाठ वळली की कात्री. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. लोकांचे दिवस कापणं हेच जिचं काम, तिला लोकांनी मोरपीस म्हणावं की काय?

नाव पडलं ते मात्र खऱ्याखुऱ्या कात्रीवरून. ती तिथे टायपिस्ट म्हणून लागली होती. दुसऱ्याच वर्षी एक वजनदार प्राध्यापक तिच्या टेबलाशी उभे राहून तासभर ओरडत होते. आपले जहाजावरचे वीस दिवस म्हणजे वीस दिवस, त्यातला एक तास कमी होणार नाही, मी कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, भिंतीवरच्या फळ्यावरून त्यांच्या नावाची पिवळ्या पुठ्ठ्याची पट्टी काढली, ड्रॉवरमधून कात्री घेतली आणि त्यांच्यादेखत पट्टीचं टोक कचकन कापून टाकलं. उरलेला तुकडा परत जागेवर लावला. "सोळा," ती म्हणाली, "आता चहा घेणार का?" त्या दिवसापासून जहाजाचं वेळापत्रक तिच्याकडे आलं ते बावीस वर्षं तिच्याकडेच राहिलं.

जहाज एक आणि मालक आठ, असा तो प्रकार होता. पाच विद्यापीठं आणि तीन संशोधनसंस्था यांनी मिळून ते घेतलेलं. कुणाला पाण्याची क्षारता मोजायची, कुणाला मासे, कुणाला तळाचा गाळ, कुणाला वारा. आणि प्रत्येकाला हेच जहाज हवं, तेही समुद्र शांत असतानाच हवं. जहाज वर्षातून दोनशे चाळीस दिवस बाहेर राहू शके. बाकीचे दिवस डागडुजी, रंग, तेल भरणं आणि खलाशांच्या रजा. अर्ज यायचे साडेचारशे दिवसांचे. हे कुठल्याही वर्षी जुळलं नव्हतं आणि पुढेही जुळणार नव्हतं. त्यामुळे दर वर्षी कात्री कुणाची तरी वैरीण व्हायची. ज्याचे दिवस राहिले तो म्हणायचा, आमच्या हक्काचेच होते. ज्याचे गेले तो म्हणायचा, बाईंचं त्या लोकांशी साटंलोटं आहे.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली दोरखंडांचं आणि रिकाम्या खोक्यांचं कोठार. खिडकीतून धक्का दिसायचा आणि जहाज लागलेलं असलं की त्याची क्रेन थेट खिडकीत डोकवायची. एका भिंतीभर तो फळा. त्यावर वर्षाचे सगळे दिवस आखलेले, आणि आठ रंगांच्या पट्ट्या. लोक खोलीत शिरले की आधी फळ्याकडे बघत आणि मग तिच्याकडे, तेही फळ्याकडे पाहून तोंड वाकडं झाल्यावर. लग्न तिने केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवस शिल्लक नव्हते."

भांडणांना कंटाळून दहाव्या वर्षी तिने एका कागदावर नियम लिहून काढला आणि आठही सभासदांच्या सह्या घेतल्या. नियम साधा होता. काही कारणाने दिवस कमी पडले, तर ज्यांची यंत्रं आधीच समुद्रात सोडलेली आहेत त्यांना पहिला मान, कारण ती वेळेवर काढली नाहीत तर जातात. त्यानंतर ज्यांच्या विद्यार्थ्यांचं शेवटचं वर्ष आहे ते. बाकीचे सगळे त्यांच्यामागे. हा कागद म्हणजे तिची ढाल होती. कुणी अंगावर आलं की ती तो पुढे सरकवायची आणि म्हणायची, "सही तुमचीच आहे ना? बघा बरं."

आता भावजींचं सांगायला हवं. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्या पाच विद्यापीठांपैकी एकात प्राध्यापक होता. समुद्राच्या खोल पाण्यातले प्रवाह हा त्यांचा विषय. कात्री शाळेत असताना गणितात नापास होता होता राहिली ती त्यांच्यामुळेच. आणि बंदरावर टायपिस्ट हवी आहे ही बातमीही तिला त्यांनीच दिली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. बावीस वर्षांत कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं, कारण तिने संधीच दिली नव्हती. कचेरीत ती त्यांना 'सर' म्हणायची, ते तिला 'मॅडम'. ताईला याचं फार हसू यायचं. "घरी माझ्या ताटातलं उचलून खाते," ती म्हणायची, "आणि तिथे म्हणे मॅडम!"

भावजींनी समुद्रात तीन दोर सोडले होते. दोराच्या खालच्या टोकाला मोठं वजन, ते तळाशी बसलेलं. मध्ये जागोजाग मापनयंत्रं, आणि वर दोर उभा धरून ठेवणारे तरंगते गोळे, तेही पृष्ठभागाच्या बरेच खाली. काढायची वेळ झाली की जहाजावरून पाण्यात एक ठरावीक आवाज सोडायचा. तो ऐकून वजनाजवळची कडी सुटते आणि दोर यंत्रांसकट वर येतो. कडी आवाज ऐकते ती तिच्या बॅटरीच्या जोरावर. बॅटरी मेली की कडी बहिरी, मग वर बोंब मारा नाहीतर ढोल वाजवा. भावजींनी अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, की बॅटरी तीस महिने टिकेल, जूनपर्यंत; थंड खोल पाण्यात त्यापुढची खात्री देता येणार नाही. त्यांना एप्रिलमध्ये अकरा दिवस मिळाले होते.

मार्चमध्ये जहाज डागडुजीला गोदीत चढवलं आणि जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, चीर सापडली. गोदीवाल्यांनी एकोणीस दिवस जास्तीचे मागितले. म्हणजे कुणाचे तरी एकोणीस दिवस जाणार. बातमी फुटल्याबरोबर फोन सुरू झाले. कुणी विनवत होतं, कुणी दटावत होतं, एकाने तर तिच्या साहेबांच्या साहेबांकडे तक्रार आधीच करून ठेवली होती, काय कापलं जाईल हे कळायच्याही आधी.

कात्रीने कागद काढला. नियमाने बघितलं तर उत्तर सरळ होतं. सगळ्यात मागे होते एका संस्थेचे एक संशोधक, ज्यांना बंदरावर सगळे गाळवाले म्हणत. तळाच्या गाळाचे नमुने काढायला त्यांना चौदा दिवस दिले होते. गाळ हजारो वर्षं तिथे बसलेला; आणखी सहा महिन्यांनी उठून कुठे जाणार? त्यांचे चौदा आणि इतरांचे सुटे पाच, झाले एकोणीस. भावजींची यंत्रं पाण्यात होती. त्यांच्या दिवसांना हात लागायचं कारणच नव्हतं.

तिने निळी पट्टी, म्हणजे गाळवाल्यांची, फळ्यावरून काढून टेबलावर ठेवली आणि कप विसळायला बाहेर गेली. मोरीचं दार अर्धवट उघडं होतं आणि जिन्यात गाळवाले दुसऱ्या कुणाशी तरी बोलत उभे होते.

"आपला नंबर लागणार, लिहून घ्या," ते म्हणत होते. "तिकडे मेहुणे आहेत ना. घरचा माणूस आधी जेवणार, उरलं तर आपण."

"इतकी वर्षं तर तसं काही दिसलं नाही," दुसरा म्हणाला.

"इतकी वर्षं शाफ्ट नव्हता मोडला."

दोघं हसले. कात्री नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली. बावीस वर्षांत तिला लोकांनी हडळ म्हटलं होतं, हिटलरची मावशी म्हटलं होतं, आंधळी, मुजोर, काय वाटेल ते म्हटलं होतं आणि तिने ते पावसाच्या पाण्यासारखं अंगावरून जाऊ दिलं होतं. हे मात्र आत शिरलं. कारण हेच एक ऐकावं लागू नये म्हणून तर ती इतकी वर्षं वाकडी वागत आली होती.

ती खोलीत आली. दार लावलं. निळी पट्टी उचलली आणि जिथे होती तिथे परत लावली. मग भावजींची हिरवी पट्टी काढून सप्टेंबरात नेऊन ठेवली. अकरा झाले. बाकीचे आठ तिने चार ठिकाणांहून दोन-दोन काढले.

कारण नंतर शोधलं. कडी बनवणाऱ्यांचं पत्रक फाइलमध्ये होतं, त्यात 'अनुकूल परिस्थितीत छत्तीस महिन्यांपर्यंत' असं एक वाक्य होतं. भावजींच्या अर्जातली ओळ तिने वाचलेली होती, दोनदा वाचलेली होती. तिने टिपण टाइप केलं: पत्रकानुसार यंत्रं सप्टेंबरपर्यंत सुरक्षित असल्याने मोहीम पुढे ढकलणे शक्य आहे. आठ सभासदांच्या समितीत सातजणांचे दिवस वाचले होते किंवा दोनवर निभावलं होतं; टिपण कुणी नीट वाचलंसुद्धा नाही. आठव्याने, म्हणजे भावजींनी, हरकत लिहून पाठवली. तिने तीन ओळींचं उत्तर दिलं. आपल्या पत्राचा विचार करण्यात आला आहे, वगैरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या फोनवर ताई.

"अगं, ह्यांचे दिवस तू काढलेस?"

"समितीने काढले, ताई."

"समितीला फळा कोण दाखवतं? मला शिकवू नकोस. दोन दिवस धड जेवले नाहीत ते. आणि तुझं ते पत्र! आमच्या नळाच्या तक्रारीला पालिकासुद्धा याहून बरं उत्तर देते. आम्ही काय परके आहोत?"

"म्हणूनच तर," कात्रीच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणूनच तर म्हणजे?"

"काही नाही. सप्टेंबरमध्ये मिळतायत ना दिवस?"

"म्हणूनच तर म्हणजे काय, ते सांग आधी."

"कप्तान आलेत ताई, ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला. खोलीत कुणी आलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये भावजी जहाजावर गेले. पहिल्या दोरावर जहाज उभं केलं, आवाज सोडला. काही नाही. दिवसभर आवाज सोडत राहिले. दुसऱ्या दोराची कडी सुटली. गोळे वर आले, शेवाळाने आणि शिंपल्यांनी लडबडलेले. तिसरा पुन्हा मुका. मग त्यांनी लांब तारेला आकडे लावून चार दिवस तळाशी फिरवले, दोर अडकतो का बघायला. अडकली ती कुणाची तरी जुनी मासेमारीची जाळी. तीन दोर मिळून जे चित्र व्हायचं होतं ते एका दोरातून होणार नव्हतं. त्यावर ज्या दोघींचे प्रबंध अवलंबून होते, त्यातल्या एकीने विषय बदलला आणि दुसरीने संशोधनच सोडलं. भावजींची स्वतःची सहा वर्षं गेली ती वेगळी.

जहाज परतलं तेव्हा कात्री खिडकीत उभी होती. भावजी शिडीवरून उतरले. वर बघितलं नाही. बरोबरच्या माणसाच्या हातातली पेटी घेतली, आपल्या गाडीत ठेवली आणि निघून गेले.

ताई मात्र आली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, भर कचेरीत. दार न वाजवता आत शिरली आणि फळ्यासमोर उभी राहिली. याआधी ती इथे कधी आली नव्हती.

"ह्यातली आमची कुठली?"

"ताई, बस ना."

"कुठली विचारलं."

"हिरवी."

ताईने हिरवी पट्टी फळ्यावरून काढली, हातात उलटसुलट करून बघितली. "एवढासा पुठ्ठा," ती म्हणाली. "तुला हलवायला किती वेळ लागला गं? अर्धं मिनिट?"

"पत्रकात छत्तीस महिने लिहिलंय. मी माझ्या मनाने..."

"पत्रक गेलं चुलीत. त्यांनी तुला लिहून दिलं होतं. तुला वाचता येतं ना? त्यांनीच शिकवलंय. आणि फोनवर 'म्हणूनच तर' म्हणालीस, ते मी विसरले नाही. सहा महिने डोकं खाजवतेय त्यावर. परका असता तर त्याला दिले असतेस ना दिवस? खरं सांग."

बाहेरच्या टेबलांवरचे आवाज बंद झाले होते. 

"तू न्याय नाही केलास," ताई म्हणाली. "तू स्वतःचं नाव राखलंस, आणि किंमत आमच्या घरातून घेतलीस." तिने पट्टी टेबलावर टाकली आणि गेली.

त्यानंतर बोलणं बंद. अडचण अशी, की आई कात्रीकडे राहायची आणि ती कचेरीत असताना दुपारी आईजवळ ताई यायची. ब्याऐंशी वर्षांची आई, गुडघ्यांनी अधू, पण कानांनी आणि जिभेने ठणठणीत. दोघी बहिणी एकमेकींना टाळायला घड्याळ लावून वागू लागल्या. कात्री साडेपाचला कुलूप उघडायची, ताई पाच पंचवीसला बाहेर पडलेली असायची. जे सांगायचं ते ताई चिठ्ठीवर लिहून फ्रिजच्या दाराला लावायची. 'डॉक्टर गुरुवारी येणार.' 'दूध नासलं, फेकलं.' ना संबोधन, ना सही.

"माझ्या घरात टपाल खातं उघडलंय," आई म्हणायची. "तुम्ही दोघी मी मेल्यावर बोलणार आहात का? मग मला कसं ऐकू येणार?"

"तिला सांग बोलायला."

"ती म्हणते तिला सांग. मी मध्ये काय फोनची तार आहे? नक्की केलंस काय तू, ते तर सांग."

"कामातली गोष्ट आहे आई, तुला नाही कळायची."

"मग कळण्यासारखं काही केलं नसशील," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

वर्ष तसंच गेलं. भावजींच्या विद्यापीठाने लेखी तक्रार केली होती. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले आणि शेवटी आठही सभासदांची चौकशी-बैठक ठरली. आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी, म्हणजे जहाजाच्या कारभाराच्या प्रमुखांनी, कात्रीला बोलावलं. मनाने माणूस वाईट नव्हता. फक्त निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

"पत्रक आहे ना तुमच्याकडे? छत्तीस महिन्यांचं?"

"आहे."

"झालं तर. तेवढं वाचायचं आणि खाली बसायचं. बनवणाऱ्यांनी लिहिलंय, आपण विश्वास ठेवला, बॅटरी दगा देऊन गेली. कुणाचाच दोष नाही. उगाच भावनेच्या भरात काही बोलू नका."

"मी कधी भावनेच्या भरात बोलते का, सर?"

"नाही," साहेब म्हणाले. "म्हणून तर सांगतोय. आज चेहरा वेगळा दिसतोय तुमचा."

बैठक तळमजल्यावरच्या लांब खोलीत होती. एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला भावजी, पुढ्यात जाड फाइल. वर्षभरात त्यांचे खांदे उतरले होते. सुरुवातीलाच शब्दाला शब्द लागला. एका विद्यापीठाचा माणूस म्हणाला, हा कारभार एका बाईच्या मर्जीवर चालतो. दुसरा म्हणाला, तुमचे दिवस वाचले तेव्हा मर्जी गोड लागली होती. तिसऱ्याने तीन वर्षांपूर्वीचं आपलं रडगाणं काढलं. कप्तानाने टेबलावर हात आपटून सांगितलं, की माझी माणसं चार दिवस त्या आकड्यांपायी हाल काढत होती, त्यांच्याबद्दल कुणी एक शब्द बोललेलं नाही.

आणि मग गाळवाले उठले. त्यांचे चौदा दिवस वाचले होते, मोहीम झकास झाली होती आणि ते प्रसन्न होते.

"मला वाटतं मॅडमवर अन्याय होतोय," ते म्हणाले. "उलट त्यांचं कौतुक करायला हवं. स्वतःच्या नात्यातल्या माणसालासुद्धा त्यांनी सवलत दिली नाही. याहून निःपक्षपाती कोण असणार?"

दोन-चार माना डोलल्या.  शिव्या तिने पचवल्या होत्या. हे कौतुक गळ्याखाली उतरेना. ती उभी राहिली. पत्रक हातात होतं, ते तिने घडी करून टेबलावर ठेवलं.

"निःपक्षपाती नाही," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे सरांचे दिवस राहायला हवे होते. त्यांची यंत्रं पाण्यात होती. जायला हवे होते ते तुमचे, चौदाच्या चौदा. पट्टी मी काढलीसुद्धा होती."

 साहेब डोळ्यांनी 'बसा, बसा' म्हणत होते.

"जिन्यात तुम्ही म्हणालात की घरचा माणूस आधी जेवणार. ते मी ऐकलं आणि तुमची पट्टी परत लावली. सरांचे दिवस आधी कापले. हे पत्रक नंतर शोधलं. बॅटरीचं त्यांनी अर्जात लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. तो नियम मीच लिहिला होता आणि मीच मोडला. तेवढंच."

"म्हणजे दोष माझा?" गाळवाले ताडकन म्हणाले. "मी जिन्यात काहीतरी बोललो म्हणून?"

"नाही. तुम्ही नुसतं बोललात. कापलं मी."

ती बसली.  पुढचा अर्धा तास लोक एकमेकांवर ओरडत राहिले. भावजींनी मात्र फाइल उघडलीच नाही.

बैठक संपल्यावर ती जिना चढत होती, तेव्हा मागून त्यांनी हाक मारली. मॅडम नाही, तिच्या घरच्या नावाने. ती थांबली.

"तुला काय वाटलं? मी आभार मानीन?"

"नाही, भावजी."

"बॅटरीमुळे गेलं असं म्हणत होतो, तोवर निदान ते नशीब होतं. माणसाची यंत्रं समुद्रात जातात. सगळ्यांचीच कधी ना कधी जातात. आता सगळ्यांना कळलं, की माझी सहा वर्षं मेहुणी घाबरली म्हणून गेली. कुणाला तोंडाने सांगू हे? कुठल्या निबंधात लिहू?"

"पण खरं..."

"खरं मार्चमध्ये बोलायचं होतंस. तेव्हा त्याचा उपयोग होता." ते दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा वळले. "गाळवाला बडबडला म्हणून! अगं, मला विचारलं असतंस तर मी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं, की हो, आहे माझी मेहुणी, आणि हा घे नियम. तुला माझी एवढी लाज वाटली?"

 ते गेले.

त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. दोर, कडी, पट्ट्या, जिना. आईला सगळं कळलं.

"बोललीस ते बरं केलंस," आई म्हणाली. "पण त्याला वर्ष कशाला लावलंस? वर्षभर मी तुझी बाजू घेऊन तिच्याशी भांडतेय. मला तोंडघशी पाडलंस ना."

दोन दिवसांनी फ्रिजवर चिठ्ठी होती. 'ऐकलं. उशीर झाला. डॉक्टरांनी आईची संध्याकाळची गोळी अर्धी केली आहे.' कात्रीने गोळी अर्धी केली.

वेळापत्रक तिच्याकडून काढून घेतलं. तीनजणांची समिती नेमली. समितीने पहिलं वेळापत्रक करायला साडेचार महिने घेतले आणि तेवढ्यात तिघांचं आपसात बोलणं बंद झालं. त्यातला एक कात्रीकडे येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे कसं करत होता हो?" ती म्हणाली, "लोकांनी नावं ठेवली तरी झोप लागायची. एक दिवस ते मनाला लागलं, तेव्हा चुकलं. नियम फाइलमध्ये आहे, वाचा."

तिला तळमजल्यावर पासांच्या खिडकीवर बसवलं होतं. धक्क्यावर आणि जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटोसकट पास ती करून द्यायची. ज्यांनी बावीस वर्षं तिच्यासमोर पाय आपटले होते, ते आता काचेच्या फटीतून कागद सरकवत. काहींना त्याची मजा वाटे. एकाने विचारलंच, "काय मॅडम, कात्री कुठे ठेवली?" ती म्हणाली, "फोटो कापायला लागते अजून. तुमचा कान जरा बाहेर येतोय, थांबा."

ताईशी बोलणं आईच्या औषधांपुरतं सुरू झालं, त्यापलीकडे गेलं नाही. ताई आता साडेपाचपर्यंत थांबायची, किल्ली हातात द्यायची, "ताप नाही," एवढं म्हणायची आणि चपला घालायची. कात्रीने एकदा "चहा टाकते" म्हटलं. ताई म्हणाली, "नको. तुझ्याकडचा चहा मला अजून चालणार नाही." 'अजून' हा शब्द आईने पकडून ठेवला आणि पुढे आठवडाभर तो कात्रीला मलमासारखा चोळत राहिली.

पुढच्या वर्षी भावजींनी पुन्हा अर्ज केला. दोन नवे दोर सोडायचे होते. समितीने नऊ दिवस दिले. निघायच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाला, ते पासांच्या रांगेत उभे होते. पुढे चौघं होती. कुणीतरी त्यांना ओळखून "सर, तुम्ही पुढे या" म्हटलं. ते जागचे हलले नाहीत. त्यांची पाळी आली. त्यांनी कागद आत सरकवले.

कात्रीने अर्ज बघितला, सही बघितली, फोटो बघितला.

"फोटो जुना आहे," ती म्हणाली. "सहा महिन्यांच्या आतला लागतो."

"मी तोच आहे," भावजी म्हणाले.

"यात केस काळे आहेत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. भावजींचा चेहरा लाल झाला. "पंचेचाळीस वर्षं बघतेयस मला! तू स्वतः ओळख पटवू शकत नाहीस?"

"मी पटवू शकते. गेटवरचा माणूस नाही पटवणार, आणि परवा पहाटे त्याच्याशी हुज्जत घालत तुम्हीच उभे राहाल. गेटबाहेर डाव्या हाताला फोटोचं दुकान आहे. अर्ध्या तासात देतो. परत रांगेत लागावं लागेल."

त्यांनी कागद जवळजवळ हिसकावूनच घेतले. जाताना काहीतरी पुटपुटले, ते तिला ऐकू आलं नाही. रांग पुढे सरकली. तिने एका खलाशाचा, मग दोन तंत्रज्ञांचा पास केला.

पावणेबाराला भावजी पुन्हा खिडकीशी आले. पांढरे केस पाण्याने चापून बसवलेले, हातात ओलसर फोटो. त्यांनी तो आत सरकवला. कात्रीने कडा कापल्या, फोटो चिकटवला, शिक्का उचलला आणि थांबली.

"या मोहिमेपुरता करू, की दोन वर्षांचा?"

"दोर दोन वर्षांनी काढायचेत," ते म्हणाले, तसेच रागाने. "दोन वर्षांचाच कर."

तिने तारीख लिहिली, शिक्का मारला, आणि पास काचेखालून बाहेर सरकवला. भावजींनी तो उजेडात धरून तारीख तपासली, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"पुढचे," कात्री म्हणाली.